औषधशास्त्राचा विद्यापीठीय अभ्यास : पालक व विद्यार्थी यांच्यासाठी

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलाला किंवा मुलीला रसायनशास्त्राची गोडी आहे, तेव्हा बी.एस्‌सी. करावे की फार्मसीला जावे? ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नोकरी आणि दुकान यांच्या हिशेबाने दिले जाते. परंतु ह्या दोन विद्या शिकवितात काय, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

बडोदेकरांना हा विषय परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1890 साली स्थापिलेल्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी उपयोजित रसायनशास्त्राचा पाया घातला. पुढे 1907 साली गज्जर, कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेम्बिक हा कारखाना निघाला. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे जुने पात्र. पाठशाळेतून कारखाना निघावा, अशी आपल्या गावाची परंपराच आहे.

एकाच पदार्थाचे दोन अभ्यास

ॲस्पिरिनचे उदाहरण घेऊ. सॅलिसिलिक आम्ल व ॲसेटिक ॲनहायड्राइड ही किंचित तीव्र आम्लाच्या सान्निध्यात तापविली म्हणजे ॲस्पिरिन तयार होते. 138 ग्रॅम सॅलिसिलिक आम्लापासून हिशेबाने 180 ग्रॅम ॲस्पिरिन मिळावयास हवे. विद्यार्थ्याच्या हाती त्याहून कमीच येते, आणि ते कमी का आले हे शोधण्यात निम्मे शिक्षण असते. नंतर शुद्धतेची परीक्षा. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच जांभळा रंग उमटला, तर मूळ आम्ल अजून शिल्लक आहे असे समजावे. पदार्थ कोणता, किती व किती शुद्ध, हे निश्चित करणे हा रसायनशास्त्राचा प्रांत होय.

औषधशास्त्राचा विद्यार्थी येथून पुढे जातो. ह्या भुकटीची गोळी कशी बांधावी? पोटात गेल्यावर ती किती वेळात विरघळावी? दमट हवेत ॲस्पिरिनचे पुन्हा विघटन होते व जुन्या बाटलीला शिरक्यासारखा वास येतो. मग ती कशी साठवावी? वेदनेवर प्रौढांस एका वेळी 300 मिलिग्रॅम वा अधिक मात्रा देतात, तर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वैद्यकीय सल्ल्याने रोज 75 मिलिग्रॅमही पुरते. हा फरक का? आणि जठरात व्रण असणाऱ्यास किंवा ताप आलेल्या लहान मुलास ती परस्पर का देऊ नये? ह्या प्रश्नांसाठी त्याला शरीरशास्त्र, औषधक्रियाशास्त्र, औषधनिर्मिती, वनस्पतिज द्रव्ये, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधविषयक कायदे शिकावे लागतात.

डोळ्यांवर विश्वास नको

ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही द्रव रंगहीन, दाट व चवीला गोड आहेत. पहिला औषधांत वापरतात; दुसरा पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करतो. नुसत्या नजरेला भेद कळत नाही. परंतु ग्लिसरीनची घनता सुमारे 1.26 तर दुसऱ्याची सुमारे 1.12 असते, आणि वायुवर्णलेखनाने मिसळ नेमकी ओळखता येते. 1937 साली अमेरिकेत ह्या विषारी द्रवात बनविलेल्या सल्फानिलामाइडच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ह्याच द्रवाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण मृत्यू पावले. पदवीच्या वर्गात शिकविली जाणारी परीक्षा वेळेवर व प्रामाणिकपणे झाली असती, तर ती माणसे वाचली असती. प्रयोगवहीतील आकडा खरा लिहिण्याचा आग्रह गुरुजन का धरतात, ते ह्यावरून ध्यानात यावे.

अभ्यासक्रमाची माहिती

आपल्या देशात विद्यापीठीय फार्मसी-शिक्षणाचा आरंभ प्रा. महादेवलाल श्रॉफ यांनी 1932 साली बनारस हिंदू विद्यापीठात केला. 1948 च्या फार्मसी कायद्याने ह्या शिक्षणास देशव्यापी नियम लाभले. आज बी.फार्म. चार वर्षांचे व डी.फार्म. दोन वर्षांचे असून डी.फार्म.नंतर किमान 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावे लागते. बारावीस पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांच्याबरोबर गणित किंवा जीवशास्त्र असावे. डी.फार्म. झालेल्यास बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. प्रवेशापूर्वी संस्थेला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे की नाही, हे पाहिल्यावाचून पैसे भरू नयेत. मान्यता नसेल तर पदवी मिळूनही फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.

ज्याला पदार्थाच्या रचनेचे कुतूहल आहे व संशोधन करावयाचे आहे, त्याने बी.एस्‌सी., एम.एस्‌सी.चा मार्ग धरावा. औषध कारखान्यांच्या प्रयोगशाळांनाही अशा पदवीधरांची गरज असते. ज्याला त्याच रसायनाचा रोग्याशी असलेला संबंध अभ्यासावासा वाटतो, त्याने फार्मसीकडे वळावे. पाठांतराच्या बळावर मात्र दोन्हीकडे निभाव लागत नाही. हाताला तोलण्याची व मोजण्याची सवय हवी.

प्रमाणपत्राचे मोल

शेवटी पालकांना एक विनंती. "दोन वर्षे शिकून घे, मग प्रमाणपत्र कुणाच्या दुकानात लावू, घरबसल्या महिन्याला काही येत राहील," असा विचार कानावर येतो. भिंतीवर नाव एकाचे आणि चिठ्ठी वाचून औषध देणारा दुसराच, असा हा व्यवहार. कायद्याने तो गुन्हा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मात्रा चुकली तर ती ओळखणारा माणूस त्या दुकानात त्या वेळी नसतो. चिठ्ठी घेऊन येणारी व्यक्ती आपल्याच शेजारची आजी किंवा तान्ह्या मुलाची आई असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीतील चूक रोग्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी थांबविण्याची शेवटची जागा म्हणजे तो काउंटर. तेथे उभे राहण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच ह्या शिक्षणाला घालावे. आणि तो उभा राहिला, तर त्याच्या कामाला दुकानदारी म्हणून कमी लेखू नये.