सही करण्याआधी

पोरी, अठरा पूर्ण झाली तुला. आता तुझ्या सहीला किंमत आली, म्हणून थोडं कानावर घालून ठेवते.

कोणी कागद पुढे केला तर तो आधी घरी आण, दोन दिवस ठेव, सगळा वाच. आपल्या माढा तालुक्यात उजनीचं पाणी फिरलं, ऊस उभा राहिला, जमिनीला भाव आला. तशी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायची घाईही वाढली. माहेर तुटेल या धाकानं बाया न वाचता अंगठा टेकतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा जन्मापासून दिलाय. त्या वेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. भावाला द्यावासा वाटला तर जरूर दे, पण जाणून, मनापासून दे. साडीचोळीच्या बदल्यात नको. शंका आली तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो.

सहीसारखंच आता मतही तुझं झालं. ते कोणाला दिलंस, ते मलासुद्धा सांगू नको.

लग्न तुझ्या पसंतीनं कर. आणि त्या लग्नात रात्री दहाला डॉल्बी बंद करायला लाव. शेजारी बारावीचं पोर असेल, म्हातारं माणूस असेल, त्यांचीही रात्र असते.

आता खरं सांगायचं ते. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ लागला. झेंडा हातात धरला म्हणून माणसं तुरुंगात गेली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर चढवलं. सरकारचा असा जाच उघड्यावर असतो, त्याच्याविरुद्ध गाव एक होतं. भावकीचा जाच मात्र घरात शिरतो आणि त्याला रीत म्हणतात. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं की तिच्या आईबापाशी कोणी बोलत नाही, मयतीला खांदा देत नाही. 3 जुलै 2017 पासून महाराष्ट्रात असं वाळीत टाकणं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तक्रार पोलीस ठाण्यात जाईपर्यंत त्या घराला शेजार लागतो.

गावात असं घर दिसलं तर कोण जातंय याची वाट बघू नको. हळदीकुंकवाला पहिली तू जा.