मोटर पायांचं ओझं उचलते, ते जातं कुठे?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, आणि मुंबईतली सायकल गाडीला लावून अलिबागजवळच्या किहीमला आणणं सोपं झालं. आणलेली सायकल मात्र मुंबईच्या रस्त्यासाठी लावलेली असते. टायरमध्ये हवा टणटणीत भरलेली, सीट सिग्नलला पाय टेकावेत इतकी खाली, ब्रेकचे लिव्हर दुकानातून जसे आले तसेच. इकडची जमीन वेगळी आहे. मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात तासाभराच्या फेरीत कडा तुटलेला डांबरी रस्ता लागतो, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधली गल्ली लागते, सुरूच्या बनातली भुसभुशीत वाळू लागते, भातखाचरांचे बांध लागतात, आणि डोंगराकडे वळलात तर सुट्या दगडांची पायवाट. अशा जमिनीवर विजेची माउंटन बाइक चालवणाऱ्यांना मला एकच गोष्ट पटवायची आहे. मोटर आहे म्हणून ही सायकल आपोआप आरामाची होईल, हा समज खोटा आहे. उलट मोटर आहे म्हणूनच सायकल अंगाला नीट बसवून घ्यायची गरज साध्या सायकलीपेक्षा जास्त आहे.

याचं कारण शरीराचा भार कुठे टेकतो यात आहे. सायकलवर माणूस तीनच ठिकाणी टेकलेला असतो: पाय, बैठक आणि तळवे. साध्या सायकलवर चढ आला की आपण पायडल जोरात दाबतो, आणि जितका जोर पायांतून खाली जातो तितकी बैठक हलकी होते. दमलो की सीटवरून उठतो, उठलो की पाठीला सुट्टी मिळते. मोटर हा जोर कमी करते, त्यासाठीच ती असते. पण पायडल हलकं झालं की पायांना टेकायला काही उरत नाही आणि तो सगळा भार सीटवर आणि तळव्यांवर येतो. उठायची गरज न पडल्यानं माणूस बसूनच राहतो. खडबडीत चढावर जिथे साधी सायकल ताशी ७-८ किलोमीटरनं गेली असती, तिथे ही १५ नं जाते, म्हणजे तोच दगड दुप्पट वेगानं बसतो. आणि दम लागत नसल्यामुळे फेरी लांबते. हे सगळं एकत्र आलं की करंगळी बधिर होणं, कंबर धरणं, गुडघ्याची वाटी दुखणं सुरू होतं, आणि दोष वयाला नाहीतर कंपनीला दिला जातो. चूक बहुतेक वेळा दोन पाने आणि एक पंप घेऊन सुधारण्यासारखी असते.

सुरुवात हवेपासून करावी, कारण तिला पैसे पडत नाहीत आणि फरक सर्वांत मोठा पडतो. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरा असा तो सल्ला नाही. तरीही पंक्चरवाला बोटानं दाबून टायर दगडासारखा होईपर्यंत भरतो आणि आपण समाधानानं निघतो. साधारण ७५ किलोचा माणूस, २.४ इंची टायर आणि आत ट्यूब असेल, तर पुढे २५ आणि मागे २८ पौंडांच्या आसपास सुरुवात करून बघावी. ट्यूबलेस असेल तर तीन-चार पौंड आणखी कमी चालतात. टायर २.१ इंची असेल तर तिशीच्या थोडं वर राहावं लागतं. तिथून दोन-दोन पौंड कमी करत जायचं. दगडावर रिम टेकल्याचा ठोका जाणवला की दोन पौंड परत वाढवायचे, तो तुमचा आकडा. मागे नेहमी थोडी जास्त, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो आणि मोटर चाकाच्या हबमध्ये असेल तर तिचंही वजन तिथेच असतं. हातात एक साधा प्रेशर गेज असावा, बोटाच्या अंदाजाला २५ आणि ३५ मधला फरक कळत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की हवा कमी केली तर बॅटरी लवकर संपते. गुळगुळीत डांबरावर तो काही अंशी खरा आहे. पण इथे गुळगुळीत डांबर किती मिळतं? खडबडीत जमिनीवर टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि माणूस दोघांनाही वर उचलतो. ते उचलणं फुकट होत नाही. पुढे जायला लागणारी शक्ती अंग हलवण्यात खर्च होते. मऊ टायर तोच खडा पोटात घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. हब मोटरवाल्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. जड हब आणि टणक टायर यांच्यामध्ये सापडतात त्या चाकाच्या तारा, आणि मागच्या चाकाच्या तारा वरचेवर तुटत असतील तर त्याचं एक कारण जास्त हवा हे असू शकतं. आत ट्यूब असताना हवा फारच उतरवली तर दगडावर ट्यूब चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात, हे मात्र ध्यानात ठेवावं.

मग सीट. आपल्याकडे सीटची उंची ठरते ती बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकण्यावरून, आणि गुडघेदुखीचं मूळ इथे आहे. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा फार मुडपतो आणि मुडपलेल्या अवस्थेतच त्याला जोर लावावा लागतो. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली आहे, मागच्या शिरेत ओढ बसत असेल तर वर आहे, इतकी ढोबळ खूण पुरते. मोजायची सोपी रीत अशी: भिंतीला टेकून अनवाणी उभं राहायचं, पुस्तक जांघेत घट्ट धरून जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत अंतर घ्यायचं आणि त्याला ०.८८३ नं गुणायचं. पायडलचे दांडे फ्रेममधल्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढी उंची ठेवायची. ७८ सेंटिमीटर पाय असेल तर ६९ सेंटिमीटर. पायवाटेवर चालवायची असेल तर त्यातून एखादा सेंटिमीटर कमी करावा.

मोटर आहे, मग गुडघ्याच्या कोनाची काळजी कशाला, असं विचारणारे भेटतात. मोटर असली तरी गुडघा तेवढेच फेरे मारतो, आणि जास्त वेळ मारतो. पाय टेकले नाहीत तर पडू, ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ही सायकल २०-२५ किलोंची असते आणि चढावर तोल गेला तर ती सावरणं कठीण जातं. यावर मार्ग असा, की थांबताना सीटवरून पुढे सरकून फ्रेमच्या वरच्या नळीवर येत पाय टेकायचा. ही सवय दोन संध्याकाळी मोकळ्या मैदानात करून घेतली की लागते. खर्च करायची तयारी असेल तर बटण दाबल्यावर खाली जाणारी सीटची नळी, म्हणजे ड्रॉपर पोस्ट, बसवून घ्यावी. मोटरच्या ताकदीवर घातलेल्या जादा पैशांपेक्षा तिच्यावरचा खर्च अधिक कामी येतो. साठीच्या पुढच्या, तोलाची अडचण असलेल्या माणसानं सीट दोन सेंटिमीटर खाली ठेवली तरी माझी हरकत नाही, फक्त मग हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत, जड गिअर रेटू नये. आणि जाडजूड जेलच्या सीटचा मोह टाळावा. बसण्याची दोन हाडं मऊ गादीत रुतली की मधल्या नाजूक भागावर दाब येतो, आणि अर्ध्या तासानंतर तीच गादी त्रास द्यायला लागते. हाडांच्या रुंदीला जुळणारी, बेताची कडक सीट लांबच्या फेरीला बरी.

तळव्यांचं गणित सीटशीच जोडलेलं आहे. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर माणूस पुढे घसरतो आणि हातांवर स्वतःला तोलून धरतो. म्हणून हँडल उंच करण्याआधी सीट सपाट आहे का ते बघावं. त्यानंतर ब्रेकचे लिव्हर असे फिरवावेत की हात सरळ ठेवून एक बोट लिव्हरवर आलं तर मनगट वर किंवा खाली मोडणार नाही. बधिर होणारी करंगळी बहुतेक वेळा एवढ्यानं सुधारते.

शॉकअपबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. नेहमीच्या कपड्यांत, पाठीवर पिशवी घेऊन सायकलवर बसल्यावर पुढचा शॉकअप आपल्या पूर्ण हालचालीच्या २० ते २५ टक्के दबला पाहिजे. १२० मिलिमीटरचा असेल तर २४ ते ३० मिलिमीटर. नळीवर बारीक प्लॅस्टिकचा पट्टा बांधला की मोजता येतं. हवेचा शॉकअप पंपानं हवा तसा लावता येतो. स्वस्त सायकलीत स्प्रिंग असते आणि ती एकाच वजनाची असते, त्यामुळे पन्नास किलोच्या मुलीसाठी ती जवळपास हलतच नाही. अशा वेळी शॉकअपच्या नावानं खर्च न करता टायरचीच हवा आणखी थोडी कमी करावी.

आता मोटर. मोठी मोटर घेतली की सगळे प्रश्न सुटतील असं मानणाऱ्यांना आधी कायदा सांगायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पायडलला साथ देणारी मोटर २५० वॉटच्या आतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरला, किंवा पायडल मारणं थांबताच, बंद होत असेल, तरच ती सायकल मोटार वाहन ठरत नाही. त्याच तरतुदीत योग्य ब्रेक आणि प्रकाश परावर्तित करणारे रिफ्लेक्टर लावण्याचीही अट आहे, ती कुणी वाचत नाही. दुसरं, ताकदीपेक्षा मोटर केव्हा जोर देते हे महत्त्वाचं. स्वस्त हब मोटरला पायडल फिरतंय एवढंच कळतं, किती जोर लावलाय हे कळत नाही. त्यामुळे ती अर्धा फेरा उशिरा जागी होते आणि थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. रस्त्यावर हे चालून जातं. भाताच्या बांधावर वळताना तोच क्षणभराचा धक्का माणसाला खाचरात घालतो. पायडलजवळ बसवलेल्या, जोर मोजणाऱ्या मोटरमध्ये हा दोष जवळपास नसतो, पण तिची किंमत बरीच जास्त आहे. हब मोटरच असेल तर अरुंद वाटेवर सर्वांत खालची पातळी ठेवायची, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच काम करतो की नाही हे दर फेरीआधी बघायचं.

खालची पातळी ठेवायचं दुसरं कारण वरच्या विवेचनातूनच निघतं. मोटरनं सगळंच केलं तर पायांवर भार उरत नाही. पायडलला थोडा विरोध जाणवेल इतकीच मदत घेतली की वजन पुन्हा तिन्ही ठिकाणी वाटलं जातं आणि बैठक हलकी होते. बॅटरीही टिकते. इथल्या डोंगरातल्या सागरगड किल्ल्याचा माथा चारशे मीटरांच्या आसपास आहे. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो तेवढ्या उंचीवर न्यायला, कुठलंही घर्षण धरलं नाही तरी, सुमारे ११० वॉट-तास लागतात. स्वस्त सायकलीची ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासांची बॅटरी सगळी मिळून २८० भरते, आणि तीव्र चढावर हळू फिरणारी हब मोटर त्यातली बरीच वीज नुसती तापण्यात घालवते. अर्धा भार पायांनी उचलला तरच परत येताना बॅटरी शिल्लक राहील. इथली वाट सावकाश जाण्यासाठीच आहे, आणि बांध कुणाच्या तरी मालकीचा असतो, तेव्हा विचारून जावं.

उताराला मोटरचा उपयोग नाही, तिथे फक्त वजन असतं. तेच १०० किलो १०० मीटर उतरताना ९८ किलोज्यूल ऊर्जा दोन पातळ डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून १६० मिलिमीटरच्या डिस्कऐवजी पुढे तरी १८० किंवा २०३ ची घ्यावी, अर्थात फोर्क ती पेलणारा असेल तर, आणि तारेच्या ब्रेकऐवजी तेलाचे ब्रेक असावेत.

किहीममध्ये या सगळ्यावर खारा वारा बसतो, आणि बाहेरच्या मार्गदर्शनात ही गोष्ट सहसा सापडत नाही. सीटची अॅल्युमिनियमची नळी फ्रेममध्ये अशी धरते की पुढे ती कापूनच काढावी लागते, आणि मग वर सांगितलेली उंची कुणाला बदलताच येत नाही. महिन्यातून एकदा नळी बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत घालावी. घरात ती सायकल तिघे-चौघे वापरत असतील तर प्रत्येकाच्या उंचीला नळीवर वेगळ्या रंगाची टेप चिकटवावी. वाळूवरून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवावं, पण पाइपच्या जोरदार फवाऱ्यानं नाही, त्यानं मीठ बेअरिंगच्या आत जातं. चेन पुसून तेल द्यावं. पावसाळ्यात घर बंद ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनी बॅटरी सायकलवरून काढून, निम्म्याच्या थोडी वर चार्ज करून, कोरड्या जागी ठेवावी किंवा सोबत न्यावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून चार महिने ठेवली तर दोन्हीकडून तिचं नुकसानच होतं. गणपतीला घर उघडलं की पहिल्या फेरीआधी हवा मोजावी आणि डिस्कवर गंज चढला असेल तर सपाट रस्त्यावर हळू वेगात वीसेक वेळा ब्रेक दाबून तो घासून काढावा, मगच डोंगराकडे निघावं.