शेतीकामातील अपघात व शस्त्रक्रियेसाठी साहाय्य : इजेचा पुरावा कसा ठेवावा

मळणीयंत्रात हात सापडणे, ट्रॅक्टरवरून पडणे, बैलाचे शिंग लागणे, विहिरीवर पाय घसरणे, हे अपघात शेतकऱ्यास नवे नाहीत. यंत्रांचा वापर वाढला तसे इजांचे स्वरूपही गंभीर झाले आहे. अशा इजेवर पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते व तिचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. साहाय्याच्या योजना आहेत. परंतु ज्या इजेवर शस्त्रक्रिया करावयाची ती अमुक अपघातामुळेच झाली, हे अर्जदारास दाखवावे लागते. अपघात झाला हे गावाला ठाऊक असते, इजा आहे हे डॉक्टरांस दिसते. पण या दोहोंमधील दुवा कागदावर नसेल तर अर्ज अडतो. हा दुवा बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच जुळतो किंवा निसटतो.

दुवा कोठे निसटतो?

समजा, ट्रॅक्टरवरून उतरताना पाय अडकून एखाद्या शेतकऱ्याचा गुडघा पिरगळला. सूज उतरेल या आशेने तो लेप लावतो, हाडवैद्याकडून चोळून घेतो आणि सुगी आटोपल्यावर, महिनाभराने, रुग्णालयात जातो. तेथे "गुडघा दुखतो" एवढेच सांगतो व केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाहीत. म्हणून हाड शाबूत असल्याचे सांगितले जाते. पुढे एमआरआय तपासणीत अस्थिबंध तुटल्याचे आढळते. परंतु तोपर्यंतच्या एकाही कागदावर अपघाताचा उल्लेख नसतो. वयपरत्वे गुडघ्याची झीजही होत असते. तेव्हा हे दुखणे झिजेचे की अपघाताचे, असा प्रश्न निघाला तर शेतकऱ्यापाशी दाखविण्यास काहीच राहत नाही.

डॉक्टर काय पाहतात?

संबंध ठरविताना डॉक्टर मुख्यतः चार गोष्टी पाहतात.

पहिली, काळ : त्रास अपघातानंतर लगेच सुरू झाला काय?

दुसरी, इजेची रीत : सांगितलेल्या प्रकारच्या अपघाताने अशी इजा होऊ शकते काय?

तिसरी, पूर्वस्थिती : त्याच अवयवाचा त्रास आधीपासून होता काय?

चौथी, तपासणीतील खुणा : नुकत्याच मोडलेल्या हाडाच्या कडा तीक्ष्ण दिसतात, काही आठवड्यांनी तेथे नवे हाड धरू लागल्याची खूण उमटते. हाडाच्या आतील ताजी सूज एमआरआयमध्ये दिसते, पण तीही कालांतराने ओसरते. यास्तव उशीर जितका अधिक, तितका शरीरातील पुरावाही पुसट होतो.

पूर्वीचे दुखणे असल्यास ते लपवू नये. जुन्या कागदांवरून ते उघड झाले म्हणजे खऱ्या गोष्टीवरील विश्वासही उडतो. उलट, "गुडघा अधूनमधून दुखे, तरी नांगरणी, पेरणी करीत होतो, पडल्यापासून पाय टेकवत नाही," असे स्पष्ट सांगितल्यास अपघाताने पडलेला फरक नोंदला जातो. हा फरकच महत्त्वाचा आहे.

अपघातानंतर काय करावे?

१. जखमीस त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. उपचार प्रथम, कागद नंतर. परंतु कागद विसरू नये.

२. दिनांक, वेळ, जागा, कोणते काम चालू होते, कसे लागले व कोणत्या बाजूस लागले, हे सर्व सांगावे. उदाहरणार्थ : "आज सकाळी ९ च्या सुमारास शेतात मळणीयंत्रात सोयाबीन टाकताना उजवा हात आत ओढला गेला." केसपेपर वाचून घ्यावा. उजव्याचे डावे झाले असल्यास डॉक्टरांकडून तेथेच दुरुस्त करवून सही घ्यावी.

३. रुग्णालयात एमएलसी नोंद, म्हणजे पोलिसांस कळवावयाच्या प्रकरणाची नोंद, करण्यास सांगावे व तिचा क्रमांक जपून ठेवावा.

४. पोलीस पाटलास व पोलीस ठाण्यास कळवून घटनास्थळाचा पंचनामा करवावा. शक्य तर यंत्र हलविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावे लिहून ठेवावी.

५. केसपेपर, क्ष-किरण चित्रे, अहवाल व बिले एका पिशवीत ठेवावी. अर्जास झेरॉक्स प्रती जोडाव्या. मूळ कागद मागितले तर पोच घ्यावी.

६. शस्त्रक्रिया सुचविणाऱ्या डॉक्टरांकडून इजा, बाजू, अपघाताशी तिचा संबंध, शस्त्रक्रियेचे नाव व अंदाजी खर्च यांचा दाखला घ्यावा.

उशीर झालाच असेल तर तारीख बदलून घेण्याच्या भरीस पडू नये. तो गुन्हा होईल. ज्या डॉक्टरकडे प्रथम गेला त्याची चिठ्ठी, औषधांची बिले व साक्षीदारांचे जबाब जमवून ते तज्ज्ञ डॉक्टरांपुढे ठेवावे आणि उशिराचे खरे कारण सांगावे.

कोणते साहाय्य कशासाठी?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या शस्त्रक्रिया संलग्न रुग्णालयांत होतात. संरक्षण कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करताना अपघाताच्या प्रकरणी प्रथम खबर किंवा एमएलसी नोंद जोडावी लागते. ट्रॅक्टरचा अपघात रस्त्यावर झाल्यास, २०२५ पासून ठरलेल्या रुग्णालयांत पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची योजना आहे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना (२०२३) यांहून वेगळी आहे. ती शस्त्रक्रियेचे बिल देत नाही. मृत्यू ओढवल्यास किंवा दोन अवयव वा दोन्ही डोळे निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव वा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये देते. तिचा प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. अपघातापूर्वीचे अपंगत्व तीत धरले जात नाही. म्हणून येथेही पहिल्या दिवसाच्या नोंदीचे महत्त्व तितकेच आहे.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

जखमी माणूस वेदनेत असतो व घरची माणसे गोंधळलेली असतात. अशा वेळी कार्यकर्त्याने सोबत जावे, डॉक्टरांस हकीकत नीट सांगितली जाते की नाही हे पाहावे आणि कागदांची पिशवी घरच्या एका जबाबदार माणसाच्या हाती द्यावी. मळणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत ही माहिती वाचून दाखवावी. खऱ्या अपघाताची खरी नोंद वेळेवर झाली, तर हक्काच्या साहाय्यासाठी शेतकऱ्यास दारोदार फिरावे लागणार नाही आणि शस्त्रक्रियाही वेळेत होऊन त्याचा हात पुन्हा कामास लागेल.