मोटारीतला गार वारा

आता आपल्या गावातही एसीच्या मोटारी आल्या. एसी म्हणजे वारा गार करणारे यंत्र. त्याच्या नळ्यांत एक गॅस फिरतो. तो मोटारीतली उष्णता उचलतो नि बाहेर नेऊन टाकतो. म्हणून आत गार वाटते.

हा गॅस डिझेलसारखा जळत नाही. तोच तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, एवढेच. पण लवकर कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे.

फुटक्या घागरीत पाणी भरून काय उपयोग? आमच्या घरच्या जीपगाडीचे असेच झाले. नुसता गॅस भरून आणला. महिन्याभरात वारा पुन्हा गरम! पैसे पाण्यात गेले.

म्हणून आधी गळती शोधून दुरुस्त करावी. मग पंपाने नळ्यांतली हवा व ओल काढावी. नंतर गॅस वजन करून भरावा. कमी नको, जास्तही नको. किती भरायचा, ते बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. ती चिठ्ठी आपणच वाचावी.

हे काम घरी करू नये. गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते. डोळाही जाऊ शकतो. काम कारागिराकडूनच करून घ्यावे. पण पैसे देण्याआधी विचारावे, "दादा, गळती कुठे सापडली?"