शाळेच्या घंटेचे घड्याळ

या अंकासाठी शास्त्रविषयक एखादा पाठ लिहून द्यावा अशी सूचना आम्हांस झाली, तेव्हा विषय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज आम्हांस भासली नाही. २०२३ सालच्या पावसाळ्यात आपल्याच शाळेच्या कचेरीतील भिंतीवर तो विषय टांगलेला होता, आणि तीन महिने आम्हां कोणाच्याही तो लक्षात आला नव्हता. आमच्या वाचकांपैकी काहींना या प्रकरणात विनाकारण बोल सोसावे लागले. सबब हकिकत प्रथम सांगतो, आणि तिच्या ओघातच पाठही येईल.

पूर्वी आपल्या शाळेत शिपाईमामा पितळी थाळीवर लाकडी मोगरीने टोले देत असत, हे जुन्या विद्यार्थ्यांस आठवत असेल. पुढे विजेची आपोआप वाजणारी घंटा आली. तिच्या पेटीत एक लहानसे इलेक्ट्रॉनिक घड्याळ असून ठरलेल्या वेळी तेच घंटेस वीज पुरविते. उन्हाळ्याच्या सुटीत रंगकाम चालू असता ही पेटी खाली पडली व बंद झाली. बाजारातील एका कारागिराने ती दुरुस्त करून दिली. १५ जून रोजी शाळा उघडली, त्या दिवशी घड्याळ बरोबर लावण्यात आले, आणि घंटा पूर्ववत वाजू लागली.

जुलैचा तिसरा आठवडा सरता सरता उशिरा येणाऱ्यांच्या वहीत एसटीने येणाऱ्या पाच मुलांची नावे दिसू लागली. गाडी १० वाजून ४५ मिनिटांनी स्थानकात येते, तेथून दहा मिनिटांची वाट, आणि प्रार्थनेची घंटा ११ वाजता. म्हणजे पाच मिनिटे हाती राहावयास हवीत. तथापि २० जुलैनंतर ही मुले फाटकात पाय ठेवीत तो घंटा झालेली असे. ती वही आमच्याकडेच होती. पावसाने मुले सुस्तावली, वाटेत रेंगाळू लागली, असा आम्ही निष्कर्ष काढला. तांबड्या शाईच्या खुणा केल्या. घरी चिठ्ठ्या पाठविल्या. "सर, गाडी वेळेवरच आली होती," असे त्यांतील एक मुलगी रोज सांगे. रोज सांगितले जाणारे कारण हे बहुधा सबबच असते, असा आमचा समज होता.

आमच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर वेळ निराळी दिसत नव्हती काय, असे कोणी विचारील. दिसत होती. परंतु शाळेची वेळ ती शाळेची, असे म्हणून आम्ही मनगटावरचे घड्याळ घंटेशी जुळवून घेतले होते. (मुंबई शहरानेही एके काळी असाच हट्ट धरला होता. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली तरी शहरात ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ १९५५ पर्यंत चालू राहिली. मात्र तेथे दोन वेळांतील अंतर सर्वांस ठाऊक होते व ते वाढत नव्हते.)

३१ ऑगस्ट रोजी त्या मुलीचे वडील तिच्याबरोबर आले. मुलीकडे पास असल्याने तिला तिकीट नसते. वडिलांनी मात्र आपले तिकीट आमच्या टेबलावर ठेवले. त्यावर कंडक्टरच्या यंत्राने तारीख व वेळ छापलेली होती : १० वाजून २० मिनिटे. "गुरुजी, आमच्या गावावरनं इथवर यायला गाडीला पंचवीस मिनिटं लागतात. गाडीतून उतरून सरळ चालत आलोय. आता तुम्हीच सांगा, माझी पोरगी कुठं थांबली?" एवढेच ते म्हणाले. आम्ही उठून कचेरीत गेलो. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने राखते. तिच्या संकेतस्थळावरील वेळेशी पडताळून पाहिले, तेव्हा शाळेचे घड्याळ ११ मिनिटे पुढे होते. त्या गृहस्थांची आम्ही तेथेच क्षमा मागितली.

आता पाठाकडे वळू. घड्याळ चुकते असे समजताच काटे किंवा आकडे फिरवून ते बरोबर लावणे हा सर्वांचा पहिला उपाय. त्याने चूक तेवढ्यापुरती पुसली जाते. चुकीचे कारण जागच्या जागीच राहते. वैद्य नाडी न पाहता औषध देत नाही, त्याप्रमाणे घड्याळ उघडण्यापूर्वी त्याची चूक मोजली पाहिजे. १ सप्टेंबरला आम्ही घड्याळ बरोबर लावले व इयत्ता नववीतील चार विद्यार्थ्यांस रोज एकाच वेळी त्यातील फरक टिपून ठेवण्यास सांगितले. रविवारी त्यांच्यासाठी शिपाईमामांनी कचेरी उघडून दिली. रोज आठ किंवा नऊ सेकंदांची वाढ होत गेली आणि सातव्या दिवसाअखेर घड्याळ बरोबर ६० सेकंद पुढे गेले. सात दिवसांचे सेकंद ६,०४,८००. त्यांत ६० सेकंदांची चूक, म्हणजे दर दशलक्ष सेकंदांस सुमारे ९९. मुलांनी मग उलट हिशेब करून पाहिला : १५ जून ते ३१ ऑगस्ट हे ७७ दिवस, आणि ११ मिनिटांचे सेकंद ६६०, भागाकार ८.५७. साठास सातांनी भागले तरी उत्तर तेच! म्हणजे घड्याळ लहरीने चुकत नव्हते, नियमाने चुकत होते. या गतीने पाच मिनिटे पुढे जाण्यास ३५ दिवस लागतात, आणि १५ जूननंतरचा पस्तिसावा दिवस २० जुलै. उशिराच्या वहीतील पहिली खूण नेमकी त्याच सुमाराची होती. आम्ही ज्या वहीत मुलांचा आळस नोंदवीत होतो, ती वस्तुतः घड्याळाच्या दोषाची नोंदवही ठरली.

अशा घड्याळाचा प्राण म्हणजे गारगोटीचा एक बारीक तुकडा होय. गारगोटीच्या जातीच्या स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत् उत्पन्न होते, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. उलटपक्षी स्फटिकास वीज लावली असता त्याचा आकार किंचित् बदलतो, व योग्य रीतीने ती लावीत राहिल्यास तो एका ठरावीक गतीने कंप पावत राहतो. या कंपांवर चालणारे पहिले घड्याळ १९२७ साली अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन व हॉर्टन यांनी बनविले. मनगटावर बांधण्याजोगे असे पहिले घड्याळ जपानातील सेको कंपनीने १९६९ च्या नाताळाच्या दिवशी विक्रीस आणले.

आजच्या लहान यंत्रांत हा तुकडा नादकाट्याच्या आकाराचा असून तो गव्हाच्या दाण्याएवढ्या धातूच्या नळीत बंद केलेला असतो. तो सेकंदास ३२,७६८ कंप पावतो. ही संख्या विचित्र दिसते खरी, पण तिला दोनाने पंधरा वेळा भागून पाहा : बरोबर १ उरतो. चिपच्या आत निमपट करणारे पंधरा टप्पे असतात आणि शेवटच्या टप्प्यातून दर सेकंदास एक ठोका बाहेर पडतो. ज्यांनी दोनाचे घात पाठ करण्याचा कंटाळा केला, त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

अशा यंत्रात दोष कोठे असू शकतो? बटणसेल दुबळा झाला तर वीज गेली की घड्याळ थांबते किंवा भलतीच वेळ दाखवू लागते. जुलैत आपल्याकडे वीज कितीदा गेली हे सांगावयास नको, तरी घड्याळ एकदाही थांबले नव्हते. सेल निर्दोष ठरला. (हे सेल घरात लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत, गिळले गेल्यास जिवावर बेतते.) मग हवेची उष्णता? नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक सुमारे २५ अंश तापमानास सर्वांत जलद चालतो, आणि त्याहून ऊन झाले तरी मंद होतो, थंड झाले तरी मंदच होतो. ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही ही तूट दिवसास सव्वा सेकंदाच्या आसपास. आमचे घड्याळ तर पुढे जात होते. तेव्हा ऋतूकडे बोट दाखविण्यास जागा उरली नाही.

काही स्वस्त यंत्रांत स्फटिकच नसतो. चिपमधील रोध व कपॅसिटर यांच्या जोडीवरच वेळ मोजली जाते. ज्या विजेच्या सिगारेटींवर आपल्या देशात २०१९ साली कायद्याने बंदी आली, त्यांपैकी काहींच्या इवल्याशा पडद्यावर घड्याळ असे, आणि त्यांतील कित्येकांत हीच काटकसर केलेली असे. व्यसनाच्या यंत्रास वेळेची एवढी चाड कशाला, हा प्रश्न निराळा. या जोडीत शेकडा एक एवढी चूक सहज संभवते, आणि शेकडा एक म्हणजे दिवसास १४ मिनिटे २४ सेकंद! तशा घड्याळास सेल बदलून वा पुन्हा पुन्हा वेळ लावून गुण येत नाही. आत स्फटिकाची जागा रिकामी असेल तर तो बसवून व चिपला तशी आज्ञा देऊन, किंवा चूक मोजून तेवढी वजाबाकी आज्ञावलीत घालून, ते सुधारता येते. आमची चूक दिवसास नऊ सेकंदांच्या आत होती. म्हणजे पेटीत स्फटिक होता, तो कामही करीत होता. परंतु काहीतरी त्याला किंचित् घाई करावयास लावीत होते.

तंबोऱ्याचे उदाहरण घेऊ. तारेचा मुख्य स्वर खुंटीने लागतो. पण शेवटचा बारीकसा फरक तारेत ओवलेला मणी खालीवर सरकवून काढतात. स्फटिकाच्या बाबतीत मण्याचे काम त्यास जोडलेले कपॅसिटर करतात. ते मोठे असतील तर कंप किंचित् मंद, लहान असतील तर किंचित् जलद. कारखान्यात स्फटिक घडविताना अमुक कपॅसिटर जोडले जातील असे गृहीत धरूनच तो ३२,७६८ वर आणलेला असतो. बाजारात १२.५ पिकोफॅरडचा आणि ६ पिकोफॅरडचा, असे दोन प्रकार विशेष आढळतात. १२.५ चा स्फटिक ६ च्या मंडलात बसविला तर तो दशलक्षांत सुमारे १०० इतका पुढे धावतो. विद्यार्थ्यांनी वर काढलेला ९९ हा आकडा येथे आठवावा.

आता संशय पक्का झाला. भिंतीतील वीज बंद करून, तार काढून पेटी उतरविली व चिपवरील क्रमांक भिंगाने वाचला. निर्मात्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे त्या चिपमध्ये कपॅसिटर आतच असून ते ६ पिकोफॅरडच्या स्फटिकासाठी होते. सुटीत पेटी पडली तेव्हा मूळचा स्फटिक निकामी झाला असावा, आणि कारागिराने हाताशी होता तो दुसरा घातला असावा. त्याला आम्ही दोष देत नाही. दोन्ही नळ्या दिसावयास तंतोतंत सारख्या, आणि आत कोणता प्रकार आहे हे त्यांवर लिहिलेले नसते. पेटी बंद पडली होती, ती त्याने चालू करून दिली. चालू झालेले यंत्र खरे चालते की नाही हे पाहण्यास सात दिवस लागतात, आणि तेवढी सवड त्यालाही नव्हती व आम्हांलाही नव्हती.

योग्य स्फटिक टपालाने मागविला. १४ सप्टेंबर रोजी एका जाणत्या कारागिराने आमच्यासमोर जुना काढून नवा सोल्डरने जोडला. नळी नाजूक असते. उष्णता फार वेळ लागल्यास तीच बिघडते, म्हणून त्याने प्रत्येक तारेस क्षणभरच टोक लावले. सारे काम चहा निवण्याच्या आत आटोपले. १२ ऑक्टोबर रोजी, म्हणजे २८ दिवसांनी, घड्याळ २१ सेकंद पुढे होते. हा फरक दिवसास पाऊण सेकंदाचा. अशा स्फटिकास दशलक्षांत २० पर्यंतची चूक निर्दोष समजली जाते. आमची ९ च्या आत आली. उरलेला फरक दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिपाईमामा स्वतः काढतात व त्याची नोंद एका वहीत ठेवतात.

उशिराच्या वहीत त्या पाच मुलांच्या नावांपुढे मिळून १४३ तांबड्या खुणा होत्या. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने आम्ही त्या वर्गासमोर खोडावयास घेतल्या. नियमित हजेरीच्या बक्षिसाच्या यादीत त्यांची नावे पुन्हा घालण्यात आली, आणि पूर्वी पाठविलेल्या प्रत्येक चिठ्ठीमागे दुसरी चिठ्ठी घरी गेली. खोडाखोड चालू असता त्यांतील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, दोन ऑगस्टची राहू द्या. त्या दिवशी माझी गाडी खरंच चुकली होती." ती एक खूण आम्ही ठेवली आहे.

ज्यांच्या घरी भिंतीवर सेलवर चालणारे घड्याळ असेल, त्या विद्यार्थ्यांनी ते एखाद्या सोमवारी बरोबर लावून पुढील सोमवारपर्यंत रोज एका वेळी त्यातील फरक लिहून ठेवावा व ते आकडे आमच्याकडे आणून द्यावेत. ज्यांचे घड्याळ आठवड्यास पंधरा सेकंदांहून अधिक चुकत असेल, त्यांनी ते घड्याळही बरोबर आणावे. भिंग व माहितीपत्रके शास्त्राच्या खोलीत ठेवलेली आहेत.