फुलांच्या मंगलाक्षता : गुलाबपाकळ्यांची निवड व वापर

तुळशीविवाह आटोपले की बुलढाणा जिल्ह्यात लग्नसराईस प्रारंभ होतो. मंगलाष्टके संपताच वधूवरांवर अक्षतांचा वर्षाव होतो. या अक्षता म्हणजे हळदकुंकवाने रंगविलेले तांदूळ किंवा ज्वारी. एका पाहुण्याने केवळ २० ग्रॅम धान्य घेतले, तरी ५०० पाहुण्यांच्या हातून १० किलो धान्य उधळले जाते आणि पाहता पाहता पायदळी जाते. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी फुलांच्या पाकळ्या वापरल्या जातात. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र दूरच्या बाजारातून टोपल्याच्या टोपल्या गुलाब आणून ते मांडवातच कोमेजू दिले, तर एका अपव्ययाची जागा दुसरा घेईल. म्हणूनच कोणते फूल घ्यावे, किती घ्यावे आणि ते कसे राखावे, याचा विचार आधी होणे अगत्याचे आहे.

परंपरेला धरून बदल

‘अक्षत’ म्हणजे न भंगलेले. अखंड दाणा हे समृद्धीचे प्रतीक मानले जात असल्याने, धान्य पूर्णपणे वगळण्यास घरातील वडीलधारी मंडळी राजी होत नाहीत. त्यांच्या भावनेचा मान राखूनही मार्ग निघतो. विधीपुरते चिमूटभर तांदूळ आईवडील व ज्येष्ठांच्या हाती द्यावेत आणि इतर सर्वांना पाकळ्या द्याव्यात. महाराष्ट्राला साध्या विवाहाची परंपरा नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. आज सत्यशोधक पद्धतीच्या विवाहांत फुलांच्याच अक्षता वापरल्या जातात.

जमीन, हंगाम आणि फूल

जिल्ह्याची भूमी सर्वत्र सारखी नाही. बुलढाणा, चिखली, मेहकर हा बालाघाटाचा पठारी भाग तुलनेने थंड आहे. निचऱ्याची जमीन व गोडे पाणी असेल तेथे गुलाब चांगला येतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गोष्ट निराळी. गुलाबाला क्षार सोसत नाहीत. खारे पाणी मिळाल्यास पानांच्या कडा करपतात आणि फूल लहान राहते. अशा गावांनी गुलाबाचा हट्ट न धरता झेंडूचा विचार करावा. झेंडू क्षार तुलनेने अधिक सहन करतो.

हंगामही पाहिला पाहिजे. छाटणीनंतर साधारणपणे ४० ते ४५ दिवसांनी गुलाब फुलावर येतो. त्यामुळे ऑक्टोबरमधील छाटणीची फुले मार्गशीर्षाच्या सुमारास होणाऱ्या लग्नांना उपयोगी पडतात. वैशाखात वऱ्हाडचे ऊन कडक असते. फूल लवकर उमलते, पण लहान राहते आणि पाकळी लगेच मलूल होते. नेमका त्याच दिवसांत मोगरा बहरतो. म्हणून उन्हाळी लग्नात थोड्या गुलाबाला मोगऱ्याची आणि हिवाळ्यात शेवंतीची जोड द्यावी. शेगावसारख्या तीर्थक्षेत्री देवस्थानासाठी फुलांची मागणी वर्षभर असते. लग्नतिथी व उत्सव एकत्र आल्यास भाव चढतो, म्हणून उत्पादकाशी आधीच बोलणी करून ठेवणे हिताचे ठरते.

पाकळीची पारख

बाजारात लांब दांड्याचा गुलाब जुडीने व सुटे फूल किलोने विकले जाते. पाकळ्यांसाठी दांड्याचा गुलाब घेणे म्हणजे विनाकारण खर्च होय. फुलदाणीसाठी कळी अर्धवट मिटलेली लागते. पाकळ्यांसाठी मात्र पूर्ण उमललेले फूलच योग्य. ज्या फुलाची किंमत दांड्याच्या बाजारात उतरते, तेच येथे उपयोगी ठरते आणि शेतकऱ्याच्या उमललेल्या मालाला ग्राहक मिळतो.

ग्लॅडिएटरसारख्या लाल जातीची पाकळी मोठी व जाड असते. ती उधळण्यास चांगली. गावठी गुलाबी गुलाबाची पाकळी नाजूक, पण सुवासिक. पांढऱ्या पाकळीवर दाबल्याचा डाग लगेच उमटतो, म्हणून ती कमी घ्यावी. देठाशी तपकिरी झालेली, चिकट किंवा कुबट वासाची पाकळी बाजूस काढावी. फुलांवर औषधाची फवारणी केव्हा व कशाची झाली, हे उत्पादकास अवश्य विचारावे. शोभेसाठी आणलेल्या पाकळ्या सरबतात, मिठाईवर किंवा पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्यात कधीही घालू नयेत.

काढणीपासून मांडवापर्यंत

फुले पहाटे किंवा सकाळी लवकर काढावीत. ती अखंडच ठेवावीत आणि पाकळ्या मुहूर्तापूर्वी एकदोन तास आधी सोडवाव्यात. बांबूच्या टोपलीत ओलसर सुती कापड अंथरून फुलांचा पातळ थर द्यावा. पाणी कापडावर शिंपडावे; पाकळ्यांवर साचू देऊ नये, कारण साचलेल्या पाण्याने त्या काळ्या पडून कुजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीचे तोंड बांधून फुले उन्हात ठेवल्यास ती आतल्या आत उबतात.

ज्या गावी लग्नकार्ये वारंवार होतात, तेथे भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडेल. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटर फट व त्या फटीत वाळू, अशी त्याची साधी रचना असते. वाळू सकाळसंध्याकाळ ओली केली की बाष्पीभवनामुळे आतील तापमान उतरते. हवा जितकी कोरडी, तितका परिणाम अधिक. त्यामुळे विजेविना चालणारा हा कक्ष वऱ्हाडच्या उन्हाळ्यास विशेष अनुकूल आहे. फुले नसतील तेव्हा त्यात भाजीपाला ठेवता येतो.

मांडवातील वापर

प्रत्येकी ५ ग्रॅम पाकळ्या धरल्यास ५०० पाहुण्यांसाठी अडीच किलो पुरतात. निवडताना काही पाकळ्या बाद होतात, हे गृहीत धरून फुले थोडी अधिक घ्यावीत. पाकळी हलकी असल्याने दाण्यासारखी दूर जात नाही. मागच्या रांगेतून उधळलेली पाकळी पुढच्याच्या डोक्यावर पडते. म्हणून जवळच्या मंडळींना पळसाच्या पानांच्या द्रोणांत पाकळ्या द्याव्यात आणि मागे बसलेल्यांसाठी भोजनाकडे जाताना वधूवरांजवळ एक परात ठेवावी. वाटप अंतरपाट धरल्यावरच करावे. आधी दिलेल्या पाकळ्या मुठीत चुरगळतात.

गुळगुळीत फरशीवर ओल्या पाकळ्यांचा सडा घालू नये. त्यावरून वृद्धांचा पाय घसरतो आणि चुरडलेल्या लाल पाकळीचा डाग वस्त्रांना लागतो. कृत्रिम पाकळ्या स्वस्त वाटल्या तरी त्या कुजत नाहीत. कचऱ्यात मिसळून त्या गुरांच्या पोटात जाण्याचा धोका असतो. सजावटीच्या थर्माकोलवर तर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

समारंभानंतर

मांडव उतरवताना पाकळ्या, हार व द्रोण वेगळे गोळा करावेत. दोरा, तार व जर काढून उरलेले सर्व शेण व पालापाचोळ्यासह खड्ड्यात घातल्यास काही महिन्यांत उत्तम खत होते. ते नदीत वा विहिरीत टाकू नये.

हे सर्व एका कुटुंबाने करावयाचे म्हटले तर लग्नाच्या घाईत राहून जाते. ग्रामपंचायतीने समाजमंदिराजवळ खतखड्डा व शीतकक्ष उभारावा, महिला बचत गटाने पाकळ्या व द्रोण पुरवावेत आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून उधळल्या जाणाऱ्या धान्याचा हिशेब मांडून घ्यावा. गावच्या मळ्यातील फूल गावच्याच मांडवात आले, तर दाणा ताटात राहील आणि फुलाचा पैसा शेतकऱ्याच्या घरी जाईल.