रानचं मटण, पाहुण्याची मान

दिवाळी उलटली, भातं झोडून झाली की भोर-वेल्ह्याकडच्या सहलींना ऊत येतो. त्यातल्या काही आमंत्रणांत एक गोष्ट हळूच घुसडलेली असते: रात्री जीपमधून ‘रानात चक्कर’ आणि मग चुलीवर ‘स्पेशल’. याची झळ मला लागली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: यजमानाच्या शब्दावर जाऊ नका. कायदा असा आहे की ताट ज्याच्यापुढे, जाबही त्यालाच द्यावा लागतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमाने शिकारीला बंदी आहे आणि त्यातली शिकार बंदुकीपुरती नाही. फासे लावणं, हाका घालून जनावर उठवणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. सर्चलाइट धरून बसलेला माणूस ‘मी फक्त बघत होतो’ म्हणून सुटेलच असं नाही. 57 वं कलम तर आणखी कडक. मांस तुमच्या ताब्यात होतं एवढं सिद्ध झालं की ते बेकायदा धरलं जातं, आणि तसं नाही हे तुम्ही दाखवायचं. मटण बकऱ्याचं की भेकराचं, हे प्रयोगशाळेत डीएनएवरून कळतं. प्राणी पहिल्या अनुसूचीतला निघाला तर किमान 3 वर्षं कैद.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. ‘पूर्वापार चालत आलंय’, हे एक. भोर संस्थान 1948 मध्येच विलीन झालं. त्या काळच्या रिवाजाचा आज कोर्टात उपयोग नाही. ‘जनावरं पिकं खातात’, हे दुसरं, आणि ते खोटं नाही. रानडुकरं उभं भात लोळवतात, शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. पण रानडुक्कर मारायची परवानगी नुकसान झालेल्या शेतकऱ्याच्या अर्जावर वन विभाग देतो, पुण्याहून आलेल्याची हौस भागवायला नाही. सांबर-भेकर तर तिच्यात बसतच नाहीत. तिसरं उत्तर सगळ्यात लबाड: ‘फॉरेस्टवाले आपलेच आहेत.’ असं म्हणणाऱ्याची ओळख गाडी अडवली की पटते. आदल्या रात्री ‘दादा, बिनधास्त या’ म्हणणारा सकाळी ‘मी फक्त खोली भाड्याने दिली’ एवढंच बोलतो, मग त्याचा फोनही लागत नाही. आगाऊ रक्कम बुडते ती बुडते. पण गुन्ह्यात वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते आणि ती गाडी त्याची नसते, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक असतं.

म्हणून पैसे पाठवण्याआधी जेवणात काय आहे ते मेसेजवर लिहून मागा. ‘आल्यावर बघू’ असं उत्तर आलं की नाद सोडा. दुसरी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक सरळ माणसांची आहेत. रात्रीच्या चकरीला स्वतःची गाडी द्यायची नाही, दुसऱ्याच्या गाडीत बसायचंही नाही. मढे घाटाच्या अंगाला कुठे सांबरशिंग पडलेलं दिसलं तरी उचलू नका. औषधी म्हणून घरी नेणारे महाभाग आहेत, पण तेही बाळगायची चीज नव्हे. थंडीचे कपडे, टॉर्च, पाणी हे नेहमीचं. रात्री बार ऐकू आला तर यजमानाला विचारत बसू नका. वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. गाव, वेळ आणि आवाज कुठल्या बाजूने आला, एवढं सांगा.